तबकडी वजा सीडी

जुन्या तबकडीचा आवाज सीडीपेक्षा उबदार असतो, असं सांगणारे लोक मला सारखे भेटतात. आवाजाला ऊब वगैरे काही नसते. सुई घासली की थोडी खरखर होते, खालचे सूर किंचित फुगतात आणि ऐकणाऱ्याला आपलं तरुणपण आठवतं. एवढाच तो मामला. पण हे तोंडावर बोललं तर गिऱ्हाईक तुटतं, म्हणून मी मान डोलावतो. जुनी गाणी स्वच्छ करून देणं हा माझा धंदा आहे आणि त्यात मान डोलावता यावीच लागते.

कंपनीने माझ्याकडे एक तुफान गाजलेलं गाणं पाठवलं होतं. एके काळी ते हॉटेलात, केशकर्तनालयात, शेजाऱ्याच्या खिडकीत, जिथे जावं तिथे वाजायचं. लोकांचा जीव जाईपर्यंत वाजलं. मूळ टेप ओल लागून वाया गेली होती. नवी आवृत्ती तबकडीवरून काढावी की पुढे निघालेल्या सीडीवरून, एवढंच मी ऐकून सांगायचं होतं.

त्या गाण्यात मागे एक गुणगुण आहे. शब्द नाहीत, नुसता सूर. ती माझ्या ताईची. कोरसमधली मुलगी म्हणून तिचं नाव कुठे छापलं नाही आणि तिनेही कधी मिरवलं नाही. ताईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

ती मला टिल्ल्या म्हणायची. माझं पोट सुटलं, केस पिकले, तरी टिल्ल्याच. "हा पहिल्या हाकेला कधी ओ देईल तर शपथ! कान सगळे गाण्यात घातलेत मेल्याने," ही तिची कायमची तक्रार. तक्रार खरी होती. ती दुसऱ्यांदा हाक मारणार हे मला ठाऊक असायचं, मग पहिलीला कशाला उठायचं? दुसरीला मात्र मी आपसूक ओ द्यायचो. ती गेल्यावर मला टिल्ल्या म्हणणारं कुणी उरलं नाही. हे मला फार लागलं.

गाणं आलंय म्हटल्यावर भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दुसऱ्याच दिवशी दुपारी हजर झाले. हातात कापडी पिशवी, पिशवीत त्याच गाण्याच्या तबकड्या. ताई गेल्यापासून त्यांनी जुना बाजार पालथा घातला होता. दिसेल ती प्रत विकत घ्यायचे.

"अरे, घरात तिचा आवाजच नाहीये," ते म्हणाले. "फोनवर बोलणं रेकॉर्ड केलं की चिडायची. आता फक्त हे गाणं. पण त्या मुख्य गाणाऱ्या बाईच्या गळ्याखाली ही दबून जाते. तुझ्या यंत्रातून ही तेवढी वेगळी काढता येईल का रे?"

योगायोगाने काढता येत होती. सीडी काढताना कुणा शहाण्याने गाणं नव्याने जुळवलं होतं आणि मागची गुणगुण जवळजवळ पुसून टाकली होती. तबकडीत ताई होती, सीडीत नव्हती. दोन प्रतींची तुलना करायची आमची एक रीत आहे. एका प्रतीची ध्वनिलहर उलटी करायची, म्हणजे जिथे उंचवटा तिथे खड्डा, आणि ती दुसरीवर बरोबर बसवायची. दोन्हींत जे सारखं असतं ते एकमेकांना मारून टाकतं. उरतो तो निव्वळ फरक. आम्ही याला वजाबाकी म्हणतो. ती कधीच शून्य येत नाही. खरखर उरते, झांजेची चुरचुर उरते.

पहिली तबकडी लावली, सीडीला जुळवून घेतली आणि वजाबाकी ऐकली. गाणं कुठल्या कुठे गेलं. खरखरीच्या पलीकडे लांबवर एक मुलगी गुणगुणत होती.

भाऊजींनी डोळे मिटले. "लग्नाआधीची आहे ही," ते म्हणाले आणि रुमाल शोधू लागले. मी उगाच एक बटण फिरवत बसलो.

खरखर कमी यावी म्हणून मी पिशवीतली दुसरी, जरा बऱ्या अवस्थेतली तबकडी लावली. एकाच साच्यातून निघालेल्या प्रती त्या. गाणं तेच, गुणगुण तीच. पण कडव्याच्या मध्येच ती थांबली. खोकली. श्वास घेताना छातीत बारीक शीळ वाजली.

"ऐकलंस?" भाऊजी म्हणाले.

"टेपवर राहिलं असेल कुणाचं तरी."

"कुणाचं तरी काय? हा खोकला तिचा आहे. शेवटच्या वर्षातला."

मी वाद घातला नाही. तबकडी एकटी ऐकली, खोकला नव्हता. सीडी एकटी ऐकली, नव्हता. वायरी तपासल्या, यंत्र बंद करून सुरू केलं, माइक कुठे जोडलेला राहिलाय का ते पाहिलं. पुन्हा वजाबाकी केली. कडव्याच्या मध्ये, त्याच जागी, ताई खोकली.

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. भाऊजी खुर्चीच्या कडेवर बसून होते. मग त्यांनी मला पहिल्यांदाच इस्पितळातली गोष्ट सांगितली.

"शेवटच्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. अहो, म्हणाली. बाटलीतलं पाणी संपलं होतं. मी म्हटलं, आलोच, एवढी बाटली भरून आणतो. त्या मजल्यावरचा कूलर बिघडलेला, खाली जावं लागलं. वर आलो तर नर्स पडदा ओढत होती. तिला काय सांगायचं होतं रे? झोपेतसुद्धा तेच डोक्यात असतं. काहीतरी सांगायचं होतं आणि मी बाटली घेऊन हिंडत होतो."

"पाणीच हवं असेल, भाऊजी."

"असेल. पण हे तिने सांगायला हवं ना?"

तिसरी तबकडी त्यांनी स्वतःच पिशवीतून काढली. लावू नये असं मला वाटत होतं. पण त्यांचा चेहरा पाहून नाही म्हणवेना.

या खेपेला गुणगुण नव्हतीच. खरखर बराच वेळ चालली. मग अगदी जवळून, उशीवर डोकं ठेवून बोलावं तसा आवाज आला.

"अहो."

त्यापुढे शांतता होती. रिकामी नव्हे. खोलीत माणूस वाट पाहत असलं की जशी असते तशी. गाणं संपेपर्यंत ती तशीच राहिली.

"ओ," भाऊजी हळूच म्हणाले. स्पीकरला.

काहीच झालं नाही. आम्ही पुन्हा ऐकलं. तीच हाक, तीच शांतता.

"मला ही दे काढून," ते म्हणाले.

मी कोऱ्या सीडीवर वजाबाकी उतरवून दिली. त्यांनी ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि तबकड्यांची पिशवी माझ्याकडेच विसरून गेले. जिना उतरताना ते शीळ घालत होते. सुरात कधीच नव्हते बिचारे. पण मला बरं वाटलं. एवढ्या महिन्यांत त्यांना इतकं हलकं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भाचीचा फोन आला. बाबा गेले. दुपारी आरामखुर्चीत बसल्या बसल्या, कानांवर हेडफोन.

सगळं आटोपल्यावर ती माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. पर्समधून तिने ती सीडी काढली.

"मामा, ही कोरी आहे. मी दोनदा लावून पाहिली. बाबा रोज हीच लावून बसायचे. काय ऐकत होते ते?"

मी माझ्या यंत्रात लावली. खरोखरच कोरी होती. खरखरसुद्धा नव्हती.

"खराब झाली असेल गं," मी म्हणालो.

"आणि शेजारच्या स्टुलावर पाण्याची बाटली होती. काठोकाठ भरलेली. थेंबही प्यायले नव्हते. घरात माठ असताना आईची ती इस्पितळातली बाटली कशाला भरली असेल त्यांनी?"

मी तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आता आईबापाविना राहिलेली ती पोर आणि मी, दोघंच उरलो होतो.

कंपनीचा तगादा सुरूच होता. तबकडी की सीडी, एकदाचं सांगा. एका सकाळी मी पिशवी उघडली. वजाबाकीची काही गरज नव्हती, उत्तर मला केव्हाच माहीत होतं. तरीही तिसरी तबकडी लावली, सीडीला जुळवली. रस्त्यावर खोदकाम चाललं होतं, म्हणून हेडफोन घातले.

खरखर.

"अहो."

शांतता. तीच, ओळखीची. मी ती संपण्याची वाट पाहत होतो.

पण तिच्यात पावलं होती. चपला घासत येणारी, सावकाश. मग लोखंडी टेबलावर भरलेली बाटली ठेवल्याचा आवाज.

"आलो," भाऊजी म्हणाले.

"किती वेळ लावलात," ताई म्हणाली. रागावून नाही. नुसतंच.

एवढंच सांगायचं होतं तिला, की याआधीच काही सांगून झालं होतं, कोण जाणे. मी रडत होतो. दोघं भेटली याचा आनंद की ती दोघंही गेली याचं दुःख, मला कळत नव्हतं. थोडा वेळ नुसती खरखर. तिच्याखाली एक सुरातली गुणगुण, आणि तिच्यासोबत एक बेसूर शीळ.

मग गुणगुण थांबली.

शीळही थांबली.

"टिल्ल्या."

मी हललो नाही. तोंड घट्ट मिटून घेतलं. समोर पडद्यावर खरखरीची रेघ बारीक होत होत सपाट झाली.

पुन्हा ती शांतता. वाट पाहणारी.

ताईला माझी सवय ठाऊक होती. तिने थोडा वेळ जाऊ दिला, आणि दुसऱ्यांदा हाक मारली.