आडवा वारा

"पाय उचला जरा... माझी बोटं आहेत पेडलखाली!"

चिमणी किंचाळलीच. सिम्युलेटरच्या कॉकपिटमध्ये आपण एकटेच आहोत अशा समजुतीत ती खुर्चीत बसली होती, आणि हा आवाज आला थेट पायाखालून. आधी एक स्क्रूड्रायव्हर बाहेर आला, मग विस्कटलेले केस, मग नाकावर ग्रीसचा ठिपका असलेला एक हसरा चेहरा.

"तुम्ही इथं काय करताय?"

"दुरुस्ती. आणि तुम्ही?"

"सराव! ही वेळ माझी आहे."

"मग मीही तुमचाच," तो बोलून गेला, आणि काय बोललो ते कळताच कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे — ऑपरेटर... तुमच्या सरावाचा."

लहानपणी सदा झाडावर चढून बसायची म्हणून घरच्यांनी तिला चिमणी केलं होतं, आणि वैमानिक व्हायला निघाल्यावर ते नाव तिच्यामागून प्रशिक्षण केंद्रातही आलं. त्यालाही तिथं कोणी खऱ्या नावानं हाक मारत नसे. सगळ्यांचे ते वारेसाहेब! वैमानिकांच्या मागच्या खुर्चीत बसून, बटणं फिरवून त्या नकली विमानावर वारा सोडायचा, ढग आणायचे, चालती यंत्रं बंद पाडायची, हे त्याचं काम. विद्यार्थी त्याच्यावर मनापासून दात खात.

चिमणीची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. पास झाली तर नोकरी, नाहीतर पुन्हा वर्षभर घरी. सॅटेलाइटचा नकाशा समोर असला की तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पडद्यावर आपलं इवलंसं विमान दिसतं, जायची रेघ दिसते, रेघ सोडली नाही की झालं! पण परीक्षक कॅप्टनबाई नेमकं सॅटेलाइट बंद करायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "आता रेडिओ बीकन धरून या." समोर उरायची एक गोल तबकडी आणि जमिनीवरच्या त्या बीकनकडे बोट दाखवणारी तिच्यातली सुई. तिथं चिमणीचं घोडं पेंड खायचं.

त्या दिवशीही तेच झालं. सुई डावीकडे गेली, तिनं विमानाचं नाक डावीकडे वळवलं. सुई पुन्हा सरकली, तिनं पुन्हा वळवलं. पोहोचली, पण कुठून कुठे फिरून!

"या, तुमचा पराक्रम बघा," वारेसाहेबांनी आपल्या पडद्याकडे बोट दाखवलं. तिच्या वाटेची रेघ विळ्यासारखी वाकली होती.

"सुईच्याच मागे तर गेले मी!" चिमणी फणकारली.

"तिथंच चुकलं. सॅटेलाइट सांगतं, तुम्ही कुठे आहात. बीकन फक्त सांगतो, मी कुठल्या बाजूला आहे. वारा तुम्हाला ढकलतोय, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नसतं. ते तुम्ही ओळखायचं."

"कसं?"

तो पुढे वाकला. त्याच्या बाहीला तापलेल्या तारांचा वास होता. सुई न झाकता, काचेवर बोट टेकवत तो म्हणाला, "नाक थोडं वाऱ्याच्या बाजूला ठेवा आणि तसंच धरा. सुई एका कोनात थबकली, तर अंदाज बरोबर. सरकली, तर चुकला. पण सुई हलली की लगेच तिच्यामागे धावायचं नाही."

"म्हणजे धीर धरायचा."

"हो... थोडा."

तो 'थोडा' इतका हळू होता, की चिमणीनं मान वळवून पाहिलं. त्यानं घाईघाईनं वारा वाढवला.

"अहो! हे काय?"

"माझ्याकडे बघू नका, सुईकडे बघा!"

मग रोज संध्याकाळी सराव. तो वारा फिरवायचा, ती त्याला शिव्या द्यायची, तो हसायचा. कधी तो गडगडणारे ढग आणायचा, म्हणजे सुई वेड्यासारखी ढगाकडेच ओढली जायची, आणि चिमणी दात आवळून आपली दिशा धरून बसायची. एकदा ती वाट वाकडी न करता सरळ बीकनवर पोहोचली. बीकन मागे पडताच सुई गर्रकन फिरून शेपटाकडे वळली, आणि दोघांनी एकदमच आरोळी ठोकली. तिनं आनंदात त्याचा हात धरला. सोडायला मात्र... दोघांनाही अंमळ वेळ लागला.

"चिमणे," घरी जेवताना वहिनी म्हणाली, "बसल्यापासून वारेसाहेब, वारेसाहेब चाललंय. त्यांचंही ताट वाढू का?"

दादाला ठसका लागला. चिमणी भातात तोंड खुपसून बसली.

परीक्षेच्या सकाळी ती जिना धावतच चढली. कॉकपिटमध्ये शिरताच तिनं मागे पाहिलं — आणि जागीच थबकली. त्या खुर्चीत दुसराच कोणी टक्कल पडलेला गृहस्थ बसला होता.

"वारेसाहेब कुठायत?"

"आले नाहीत. मला बसवलंय."

चिमणीनं खुर्चीत बसून पट्टा आवळला. आज? आजच्या दिवशी? साधा निरोपही नाही? डोळे भरून यायच्या आत कॅप्टनबाई शेजारी येऊन बसल्या. "चला, निघू या."

ढगात शिरताच नकाशा काळा पडला. "बीकन," बाई म्हणाल्या. चिमणीनं ओठ दाबून नाक वाऱ्याकडे वळवलं. सुई सरकली. वारा जास्तच होता! तिनं आणखी थोडं वळवलं, आणि थांबली. रडू आवरायचं की सुई बघायची? तिनं सुई बघितली. ढग गडगडले, सुई भरकटली, पण हात ढळला नाही. हळूहळू सुई एका कोनात येऊन थबकली... आणि बऱ्याच वेळानं गर्रकन शेपटाकडे फिरली. ढग फाटले. समोर धावपट्टीचे दिवे!

"पास," उतरल्यावर बाई म्हणाल्या. चिमणी हसली नाही, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "त्याच्यावर रागावलीस ना? अगं, काल तो स्वतःहून माझ्याकडे आला. म्हणाला, हिच्या परीक्षेला मला बसवू नका. मी विचारलं, का? तर म्हणतो, मी वारा कमी ठेवीन बाई, माझा हात माझं ऐकणार नाही."

चिमणी पुढचं ऐकायला थांबलीच नाही.

तो केंद्रामागच्या बाकावर बसला होता. हातातली कॉफी केव्हाच गार झाली होती. तिला पाहून तो ताडकन उठला.

"काय झालं?"

"पास!" तिला धाप लागली होती. "आणि तुम्ही... मला एका शब्दानं सांगायचं होतं!"

"परीक्षेच्या आदल्या दिवशी? तुमचं लक्ष उडालं असतं."

"ते तसंही उडालं! काय सांगितलं असतंत?"

त्यानं कप बाकावर ठेवला.

"हेच, की तुम्ही मला आवडता. फार. आता वाटलं तर ओरडा."

चिमणी ओरडली नाही. तिनं पुढे होऊन त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. यावेळी सोडायची घाई नव्हती.

"मलाही," ती पुटपुटली. मग एकदम हसून म्हणाली, "आज संध्याकाळी घरी या. दादा-वहिनी आहेत."

"आजच?" त्याचा चेहरा उतरला. "त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा. तुम्हाला दुसरं काही येतच नाही."