पाचव्या ओळीतला मित्र

थाप वाटत असेल तर आत्ताच खाली जा, गच्चीचं दार उघडंच आहे. आमच्याच वरच्या खोलीत, इथं गारखेड्यात, भाड्यानं राहायचा ना ऋतुराज, त्याची गोष्ट.

करमाडच्या अलीकडं, जालना रोडला, एकमेकांना पाठ लावून चार कॉलेजं आहेत. इतकी वर्षं एकमेकांच्या गेटवर पोरं धोपटण्यापलीकडं त्यांचा संबंध नव्हता. मग वरून फतवा आला, चौघांचा ‘समूह’ झाला आणि समूहातल्या शहाण्यांनी मैत्रीची पुस्तिका छापली. शेजारच्या कॉलेजातले पाच मित्र करायचे. नाव, हजेरी नंबर, मित्राबद्दल दोन शब्द, पुढं त्याची सही. पाच ओळी भरल्या की शिक्का. शिक्का नसेल तर कंपनीच्या मुलाखतीला बसायचं नाय.

हसू नको, सायली. बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात ना, तसाच शिक्का.

ऋतुराज इंजिनिअरिंगचा. भिंतीपलीकडच्या आर्ट्‌सच्या पोरांना तो माणसांत मोजायचा नाय. वर्षभरात एकाशीही बोलला नाय. आणि वीस जानेवारी उजाडली. दुसऱ्या दिवशी दहाला मुलाखत, घरी आईनं शेजारणींना सांगूनही ठेवलेलं. रात्री जेवण झाल्यावर मला म्हणाला, “काका, पुस्तिका कॉलेजच्या गेटवरच्या पेटीत टाकून येतो. तासाभरात आलोच.”

वाटेत चिकलठाण्याला टपरीवर चहा घेतला आणि तिथंच पाच रंगांच्या पेनांनी पाच सह्या ठोकल्या. चार नावं व्हॉट्सॲपवरून उचलली. पाचवं सापडेना. आर्ट्‌सच्या वर्गात पोरं साठ. ह्या पठ्ठ्यानं एकसष्टावं जन्माला घातलं. नाव कारभारी. “असल्या कॉलेजात हेच शोभतं,” असं म्हणून एकटाच हसला. दोन शब्द लिहिले: ‘मुलगा गावठी आहे.’ हिरव्या पेनानं झोकदार सही केली.

समूहाच्या गेटवर पोचला तेव्हा अकराला दहा कमी. गेट बंद. वॉचमन नाय. कुत्रंसुद्धा नाय. पुस्तिका पेटीत टाकली.

“पडली का?”

पेटीपलीकडं कट्ट्यावर कुणीतरी बसलेलं. पांढरा सदरा. तोंड अंधारात.

“तू कोण रे?”

“एकसष्ट.”

ऋतुराजला वाटलं, टपरीवरच्या कुणीतरी पाहिलं, आता मजा घेतोय.

“फालतूपणा करू नको. काय पाहिजे?”

“बस की जरा. मित्र म्हणून लिवलंस ना.”

“मी तुला ओळखत नाय.”

“व्हय... कुणीच नाय वळखत. लई दिवसांत तूच पहिला.”

ऋतुराज गाडीवर बसला. बटण दाबलं. नाय. परत दाबलं. नाय...

“हिरवा पेन दे.”

का दिला, ते त्याला आजही सांगता येत नाय. हात पुढं गेला. बोटांना बोटं लागली.

गार...

“माझी सही तू केलीस. आता तुझी मी करतो.”

...

पहाटे चारला मी दार उघडलं. गाडी ढकलत आणलेली.

सकाळी कारकुनानं पेटी उघडली. सह्या तपासतं कोण? नुसत्या ओळी मोजायच्या. चार भरलेल्या. पाचवी कोरी. खोडल्याची खूण नाय, हिरव्याचा ठिपका नाय.

“एक मित्र कमी पडला तुम्हाला, साहेब,” कारकून म्हणाला. शिक्का नाय. मुलाखत गेली.

पेटीच्या तळाशी आणखी एक पुस्तिका होती. वर नाव कारभारी. नंबर एकसष्ट. चार ओळी कोऱ्या, पाचवीत ऋतुराजचं नाव. सही हुबेहूब त्याचीच, हिरवी. कारकुनानं अंगठा फिरवला... शाई ओली.

आणि दोन शब्दांच्या जागी लिहिलेलं:

‘मुलगा एकटा आहे.’