चारदा परत मागितलेला मेल

"अगं चोलपोन, यादी गेली का?" दवाखान्यातल्या थोरल्या ताई, बूबूसारा-एजे, दारातूनच ओरडल्या आणि दचकून चोलपोनचं बोट 'पाठवा'वर खटकन पडलं. गेली! यादी गेली, आणि यादीच्या खालचं तेही गेलं...

आता या पोरीची खोड सांगते. कोच्कोर गावातल्या गुरांच्या दवाखान्यातून दर गुरुवारी ती तालंत डॉक्टरांना लशींची यादी पाठवायची. तालंत उन्हाळाभर वर कुरणात, मेंढपाळांच्या तंबूंमध्ये. तर यादीखाली ही बया मनातलं सगळं लिहायची, एकदा वाचायची, लाजायची, पुसायची आणि मग पाठवायची. आज पुसायचंच राहिलं.

आणि नेमकं आज काय लिहिलं होतं? 'शनिवारी तुमची आई कुणाच्या तरी कानात डूल घालणार म्हणे. म्हणजे लग्न ठरलंच तुमचं. मग मी गुरुवारची वाट कशासाठी बघू?'

तिनं 'मेल परत घ्या'वर बोट दाबलं. एकदा, दोनदा, चारदा! दर वेळी उत्तर एकच — विनंती पाठवली आहे. कपाळ! मग एकदम तिला आठवलं, कुरणात रेंज नसते. तालंत रोज पाच वाजता घोड्यावरून एका टेकाडावर जातो, तिथेच काय तो फोन लागतो. आणि आत्ता वाजलेत एक.

"एजे, माझं पोट दुखतंय हो."

"पोट की काळीज? जा बाई, जा!" एजे हसल्या. त्या कधीपासून बघतच होत्या.

वर जाणाऱ्या गाडीत पिठाच्या पोत्यांना खेटून ती बसली खरी, पण खिंडीत मेंढ्या आडव्या आल्या. शेकड्यांनी! एकेक मेंढी मजेत चालली होती आणि चोलपोन नखं खात होती. टेकाडाखाली उतरली तेव्हा पाच वाजून गेले होते. वर घोडा चरत होता आणि तालंत फोनमध्ये डोकं घालून उभा होता. संपलं सगळं! तरी ती तशीच धावत टेकाड चढली.

"तुम्ही? इथे?"

"तो फोन... द्या जरा," ती धापा टाकत म्हणाली.

"आधी सांगा, हे काय आहे? 'चोलपोन यांना हा मेल परत हवा आहे.' चार वेळा आलंय! मेल मात्र अजून उतरतोच आहे, यादीला जोडलेल्या त्या शिक्क्यांच्या फोटोंपायी. असं लिहिलंय तरी काय?"

"बाटल्यांचा आकडा चुकला."

"आकडा चुकला म्हणून कुणी डोंगर चढून येतं?"

वाऱ्यानं रुमाल डोक्यावरून सरकला, तिनं तो सावरलासुद्धा नाही. त्यानं नुसतं थोडं थांबायचं होतं, मेल उघडलाच असता. पण त्यानं फोन तिच्या तळहातावर ठेवला.

"मेल तुमचा आहे. तुम्हाला नको असेल तर मी वाचणार नाही."

हुश्श! चोलपोनचा जीव भांड्यात पडला. एक बोट टेकवलं की पुसून टाकता येणार होतं. पण असला माणूस, आणि शनिवारी तो दुसरीचा होणार... तिचे डोळे भरून आले.

"शनिवारी... डूल कुणाला?" तोंडातून निसटलंच.

"कुणालाच नाही. आईनं एक मुलगी बघितली होती. मी म्हटलं, थांब जरा. खाली दवाखान्यात एक जण आहे, दर गुरुवारी मला 'औषध थंड ठेवा' म्हणून बजावते. आधी तिला विचारू दे."

"मग विचारलं का नाहीत?"

"रोज पाचला इथे येऊन लिहितो..." तो टोपी चुरगाळत म्हणाला, "आणि पुसतो."

चोलपोन इतकी हसली, इतकी हसली, की घोड्यानंही मान वर केली. उन्हाळाभराचं ओझं उतरलं होतं. तिनं फोन त्याच्या हातात कोंबला. "घ्या. वाचा."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. कान लालबुंद झाले.

"आता परत मिळणार नाही हं हा मेल."

"मागतंय कोण?"

तो लगाम उगाचच सोडत-बांधत राहिला. "मग... शनिवारी आईला तुमच्याकडे आणू? कान टोचलेत ना तुमचे?"

"लहानपणीच," ती रुमाल मागे सारत म्हणाली. "केव्हाचे रिकामे आहेत."