शिंप्याचे दात

“बुरशी! अगं वहिनी, बाबांच्या तोंडात पुन्हा बुरशी धरलीय... ओल्या पावाला धरते तशी!”

टॉर्चचा झोत म्हाताऱ्याच्या जिभेवर धरून नणंद किंचाळली, आणि ओट्याशी सूप गाळत असलेली सून जागच्या जागी थिजली.

“डॉक्टरांनी थेंब दिले, पांढरं गेलं, आणि परत हजर! शिळंपाकं घालतेस की भांडी नुसती विसळून ठेवतेस? माझ्या बापानं जन्मभर दातांनी धागे तोडले, बत्तीसच्या बत्तीस शाबूत! तुझ्या हाती आले नि तोंडाचा उकिरडा झाला!”

सुनेनं मान खाली घातली. नवरा दारात उभा होता. शिंप्याचाच मुलगा तो, त्यानं जणू ओठच शिवून घेतले होते!

घशाच्या कर्करोगासाठी सासऱ्यांना किरणांचा शेक चालू होता. त्यानं लाळ आटते, कोरड्या तोंडात बुरशी माजते, त्यात कुणाचा दोष नसतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतंच. पण कोपलेल्या लेकीला ते कसं आठवावं! गिळताना काचा टोचाव्यात तसं दुखे, म्हणून म्हातारा घास परतवी... आणि वजन असंच उतरत गेलं तर शेक अर्ध्यावर थांबवावा लागेल, अशी तंबीही मिळाली होती.

बुरशी परतून का येते, हे मात्र एकट्या सुनेला ठाऊक होतं. परमेश्वरा, ते गुपित तिनं मागितलं तरी होतं का! एका सकाळी तिनं न्हाणीघराचं दार लोटलं, तर समोर मामंजी... गाल खोल बसलेले, हातात वरखालची कवळी! सासूबाई गेल्यापासून घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांपुढे धागा तोडून “बघा, या वयात!” म्हणणारा तो मानी माणूस सुनेपुढे हात जोडून उभा राहिला. “सूनबाई, एवढी लाज राख गं माझी!”

भक्ताची लाज देव राखतो म्हणतात. पण देवालाही ती कुणाच्या तरी हातांनीच राखावी लागते ना! सुनेनं ती राखली. रोज झोपताना कवळी काढून औषधाच्या पाण्यात ठेवा, नाहीतर तिच्यावरची बुरशी पुन्हा तोंडात उतरेल, असं डॉक्टरांनी मामंजींना एकट्याला बजावलं होतं, हे त्यांनीच तिला सांगितलं. पण कुणी पाहील या धास्तीनं ते झोपेतही ती काढत नसत. तिनं किती विनवलं! दर वेळी एकच उत्तर... “उद्यापासून.”

“चला बाबा, माझ्या घरी!” नणंदेनं पिशवी भरायला घेतली. “हिच्या हातचं पाणीसुद्धा नको!”

“वन्सं, माझंच चुकलं,” सून कशीबशी म्हणाली. “मीच स्वच्छता पाळली नाही. न्या त्यांना. फक्त...”

फक्त काय? शब्द ओठांशी येऊन अडला. मी यांची लाज राखतेय की यांचं मरण ओढवतेय? हा प्रश्न सुईसारखा काळजात उतरला, आणि चारचौघांतल्या अपमानापेक्षा स्वतःच्या मौनाचीच तिला अधिक शरम वाटली. भरल्या डोळ्यांनी ती सासऱ्यांकडे वळली.

“मामंजी... आता मला सोडवा हो!”

शिवणयंत्राशी बसलेल्या म्हाताऱ्यानं बटणांची वाटी पुढ्यात ओढली. ती यंत्रावर रिकामी केली, तोंडात बोटं घातली... आणि दोन्ही कवळ्या टक्कन वाटीत पडल्या.

“पोरी, बघून घे बापाचे बत्तीस!” शब्द हवेसारखे फुसफुसत येत होते. “घाण हिच्या हातात नव्हती गं, माझ्या दिमाखात होती. हिनं माझी लाज झाकली, आणि मी हिला तुझी बोलणी खाऊ दिली... तोंड असून गप्प बसलो!”

“मी तरी कुठं बोललो, बाबा?” दारातून मुलाचा खालावलेला आवाज आला.

नणंदेनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग तिनं वाटी दोन्ही हातांनी उचलली.

“वहिनी... कशी धुवायची गं ही? शिकव ना मला.”

“ब्रशनं. हलक्या हातानं.”

नळाखाली चार हात एकत्र आले. नणंदेचे अश्रू त्याच धारेत मिसळले. “कोणत्या तोंडानं माफी मागू तुझी?” ती पुटपुटली. सुनेनं ओल्या हातानंच तिचे डोळे पुसले.

“आता धागा तोडायला कात्री शोधा रे कुणीतरी!” मागून बोळक्या तोंडाचा आवाज आला. हसावं की नाही, कुणालाच कळेना... आधी सूनच हसली, हुंदक्यासकट!

तिनं कोमट सुपाचा चमचा पुढे धरला. मामंजींनी डोळे मिटले... आणि सर्वांदेखत तोंड उघडलं.