पाहुण्याचा कूलर

"कूलर काऊन लावला?"

कुलदीपचं जयमालाशी झालेलं हे पहिलं बोलणं. त्याच्या हातात चिमट्यासारखं मीटर, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि स्टीलच्या डब्यांमागून ही पोरगी शांतपणे बघतेय...

"पाहुणा आला तं घामात बसवू का त्याले?"

"मी पाहुणा नाही. वीज मोजायले आलो मी."

"मोजा ना मंग. गार हवेत मोजा." तिनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. वाळ्याचा वास आला. कुलदीप वैतागला.

जळगाव जामोदच्या स्टँडमागं भगवानरावांचं कॉम्प्लेक्स आहे. सगळ्या दुकानांना मिळून एकच बिल, सारखं वाटलेलं, त्यावरून दर महिन्याला भांडणं. म्हणून त्यांनी कुलदीपला बोलावलं. कोणतं दुकान चौरस फुटामागं किती वीज खातं ते काढ, मग तसं वाटू. मोबाईलवर बघून बघून शिकलेल्या कुलदीपचं हे पहिलंच काम. शनिवारी आकडे पटले तर पुढच्या दोन कॉम्प्लेक्सचं कामही त्याचंच, नाहीतर अकोल्याचा माणूस येणार.

पण आकडे पटावेत कसे? कुलदीप जिना चढला की चपलांच्या दुकानातून गफ्फारभाईंचा आवाज... "मीटरवाला आला बे." की पटापट सगळ्यांचे एसी, फ्रिज, ट्यूबलाइट बंद. गफ्फारभाई अंधारात गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल चढवत म्हणायचे, "लिहून घे भाई, इतकीच लागते आपल्याले."

आख्ख्या रांगेत चालू काय, तर जयमालाचा कूलर. कागदावर सगळ्यात उधळं दुकान कोणतं? हे एवढंसं भांड्यांचं.

"तुमच्यापायी माहा तक्ता बिघडून राह्यला," तो रोज चहाच्या वेळेला येऊन कुरकुरायचा.

"आन् तुमच्यापायी माह्या कूलरची टाकी रिकामी होऊन राह्यली. मी बोलली का काही?"

वर हसायची. त्यानं तर तो अजूनच चिडायचा, आणि दिवसभर शर्टाला वाळ्याचा वास.

शेवटी त्यानं डोकं लावलं. फक्त भगवानरावांना सांगून जिन्याखालच्या बोर्डात प्रत्येक दुकानाच्या लाईनवर नोंद ठेवणारं यंत्र बसवलं, आणि वर जाणंच बंद केलं. माणूस दिसला नाही की दुकानं आपापल्या चालीनं चालतील.

शनिवारी नोंदी उघडल्या. गफ्फारभाईंचा एसी दिवसभर धावत होता. अपेक्षाच होती. जयमालाकडं दिवसभर नुसता पंखा... आणि चहाच्या वेळेला एकदम उसळी. कूलर. थोडा वेळ चालू, मग बंद. रोज.

कुलदीपचं डोकं फिरलं. आता कोण नवा पाहुणा?

तो तरातरा वर गेला. जयमाला झाकण पुसत बसली होती. कूलर बंद.

"आज नाही लावला?"

"पाहुणे सांगून जातात," ती वर न बघता म्हणाली. "मीटरवाले नाही."

"ते जाऊ द्या. चहाच्या टायमाले रोज कोण येते इथं?"

"कोणीच नाही येत. तेच तं."

"मंग कूलर?"

झाकण पुसून कधीच झालं होतं, तरी ती पुसत राहिली. "येतीन बापा, असं वाटे..."

भांडणासाठी घोकून आणलेलं सगळं कुलदीप विसरला. "हे... हे कागदावर जाईन. तुमचा आकडा वाढते."

"जाऊ द्या. खरं हाये तं."

"यापुढं मी आलो तरी कूलर लावायचा नाही."

"येणार हाये का यापुढं?"

"रोज," तो म्हणाला, आणि स्वतःवरच वैतागला. काम तर आजच संपलं होतं.

जयमालानं चळतीतलं एक ताट ओढलं आणि त्याला वारा घालू लागली. "हे मोजते का तुमचं मीटर?"

"नाही."

"मंग बसा."