शेवटची बातमी गोड

आलमबागच्या आमच्या मंडळात दर रविवारी सकाळी जगाच्या बातम्या वाचायची पद्धत आहे. पुण्या-मुंबईचे पेपर पोस्टाने येईपर्यंत शिळे होतात, आणि म्हाताऱ्या मंडळींना जग मराठीतच ऐकायचं असतं. म्हणून एकाने आठवडाभराच्या बातम्या निवडायच्या आणि उभं राहून वाचायच्या. आधी ओळखीपाळखीत कुणी गेलं असेल तर श्रद्धांजली, मग जग, आणि शेवटची बातमी गोड. जेवणाचा शेवट गोड व्हावा, तसंच. मी भुसावळहून बदली होऊन लखनौला आलो आणि आवाज खणखणीत आहे या एका गुन्ह्यासाठी हे काम माझ्या गळ्यात पडलं.

मी रेल्वेत सिग्नलचा इंजिनिअर. तार तुटली की सिग्नल लाल होतो. त्यात भुताखेतांचा हात नसतो, हे मी खात्यातल्या भल्याभल्यांना ठणकावून सांगितलेलं आहे.

ही गोष्ट चौऱ्याण्णवच्या मे महिन्यातली. आफ्रिकेच्या दक्षिणेला काळ्या माणसांनी पहिल्यांदा मतं दिली होती. रवांडात नद्यांतून प्रेतं वाहत होती. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधे समुद्राखालून बोगदा सुरू झाला होता. बोगदा म्हणजे माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून शेवटी तोच वाचला आणि खाली बसलो.

घरी जाताना रिक्षात विनया, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आज बोटीची बातमी छान होती हं."

"कुठली बोट?"

"अहो, वादळात हरवलेली. सगळे कोळी जिवंत सापडले म्हणालात ना?"

"कूलरसमोर बसलीस की तुला डुलकी लागते," मी म्हणालो. ती चिडली आणि तोंड फिरवून बसली.

बुधवारी इंग्रजी पेपरच्या एका कोपऱ्यात ती बोट होती. आदल्या दिवशी सापडलेली. मी पेपरची घडी घातली आणि ऑफिसला गेलो. योगायोग नावाची चीज असते.

त्याच आठवड्यात मंडळातले बाबुराव घरी आले. केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर होऊन ते लखनौच्याच सरोजिनी नगरला राहत. त्यांचा निरंजन फौजेत कॅप्टन, शांतिसेनेतून आफ्रिकेत गेलेला. तो आणि त्याचा ड्रायव्हर जीपसकट बेपत्ता झाले होते, महिना उलटून गेला होता. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

"शोध थांबवला, असा फोन आला," बाबुराव म्हणाले. "शशिकांतराव, रविवारी श्रद्धांजलीत त्याचं नाव घ्या."

"आणि लतिकावहिनी?"

"ती ऐकत नाही. अजून रोज त्याच्या वाटणीची कणीक भिजवते. चारचौघांत नाव घेतलं गेलं की तिला मानावंच लागेल. नाहीतर ती अशीच झिजून जाईल हो."

मला ते मुळीच पटलं नव्हतं. पण बापाच्या तोंडावर नाही म्हणवेना.

रविवारी सकाळपासूनच लू, म्हणजे इकडचा भाजणारा वारा, सुटली होती. हॉलच्या खिडक्यांना खसचे, म्हणजे आपल्या वाळ्याचे, पडदे लावले होते. लतिकावहिनी पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. त्यांची मुलगी अनन्या नेहमीसारखी टेपरेकॉर्डर घेऊन आली होती. भावाला पाठवायला ती या बातम्या टेप करायची, आणि तो बेपत्ता झाल्यावरही तिने ते सोडलं नव्हतं.

मी उभा राहिलो आणि कॅप्टन निरंजनचं नाव घेतलं. सगळे उठून उभे राहिले. मग जग वाचलं आणि शेवटी भारताची मुलगी विश्वसुंदरी झाल्याची बातमी सांगून बसलो. हे सगळं मला लख्ख आठवतं.

वहिनी माझ्याकडे आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भाऊजी, कुठल्या पेपरात आलं?"

"काय वहिनी?"

"निरंजनचं. विहिरीपाशी सापडला म्हणालात ना आत्ता."

बाबुराव मागे उभे होते. "मी तुम्हाला काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय वाचलंत?" त्यांनी विचारलं. मी विनयाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"मी असं काही वाचलेलं नाही," मी म्हणालो.

"अंकल, आपने ही तो पढ़ा," अनन्या म्हणाली आणि तिने टेप मागे घेतली.

माझाच आवाज होता. श्रद्धांजली त्यात नव्हतीच. शेवटी मी वाचत होतो की निरंजन आणि त्याचा ड्रायव्हर दगडी कड्याखालच्या विहिरीपाशी थांबून राहिले, आणि उंटवाल्यांना जिवंत सापडले. मधे मी खाकरलो होतो, अगदी माझ्या सवयीप्रमाणे.

मागे कूलरची घरघर नव्हती. वारा होता.

मी घाबरलो. स्वतःसाठी नाही, वहिनींसाठी. ही बाई आता या एका वाक्यावर जगणार, आणि ते खोटं निघालं म्हणजे?

"वहिनी, हे मी वाचलेलं नाही. यावर विश्वास ठेवू नका."

"तुम्ही नका ठेवू," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी ठेवते."

गुरुवारी बाबुरावांचा फोन आला. निरंजन सापडला होता. ड्रायव्हरही. कड्याखालच्या विहिरीपाशी.

जुलैत तो घरी आला. वहिनींनी आम्हाला जेवायला बोलावलं. मलिहाबादचे शेवटचे दशहरी आंबे बादलीभर पाण्यात घातले होते, अनन्या दादाच्या भोवती नाचत होती, आणि बाबुराव स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा पुन्हा ताटं पुसत होते. इतकं आनंदी घर मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ओळखलंस का यांना?" वहिनींनी विचारलं.

"हो," निरंजन म्हणाला.

कॅसेटवर आवाज ऐकला असेल, मी मनाशी म्हटलं.

तो नमस्काराला वाकला आणि वाकलेलाच राहिला. माझ्या डाव्या पायाकडे पाहत होता.

"आम्ही विहीर सोडून पुढे चालत निघणार होतो, काका. पाणी जेमतेम होतं. तुम्ही थांबा म्हणालात, म्हणून थांबलो."

मी पाय मागे घेतला.

"टाच बरी आहे ना आता?" त्याने हळूच विचारलं, आईला ऐकू जाणार नाही असं. "तुम्ही अनवाणी आला होतात."

ती टेप ऐकली त्या रविवारी संध्याकाळी माझी टाच सुजली होती. मी विनयालाही सांगितलं नव्हतं.

त्याने खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या तळहातावर उघडली. आत एक काटा होता, बोटाएवढा लांब, पांढरा. टोक मोडलेलं होतं.