दार नसलेला बंगला

"अर्ज क्रमांक?"

"दोनशे सतरा," ती म्हणाली. आणि कोणी विचारलं नसतानाच पुढे जोडलं, "माझ्या मावसबहिणीचा आहे. तिला यायला जमलं नाही."

कारकुनाने चष्म्यावरून तिच्याकडे एकदा पाहिलं. आर्किटेक्चर कॉलेजच्या तळघरातल्या त्या खोलीत, प्रवेश न मिळालेल्यांची चित्रं परत करायचं काम त्याच्याकडे होतं. सकाळपासून त्याच्यासमोर नुसत्या मावसबहिणी, चुलतभाऊ आणि मित्र येत होते. ज्याला नकार मिळाला तो स्वतः मात्र एकही आला नव्हता!

"दोनशे एकाहत्तर," शेजारून आवाज आला. "मित्राचा आहे."

तिने हळूच मान वळवली. उंच मुलगा. शर्टाच्या बाहीवर पांढरी पूड, नखांच्या कडेला वाळलेलं सिमेंट... आणि चेहऱ्यावर, तिच्या चेहऱ्यावर होता तस्साच, उसना निवांतपणा.

"मावसबहिणीला फार लागलं असेल, नाही?" त्याने विचारलं.

"छे! ती चांगली खंबीर आहे. तुमच्या मित्राचं काय?"

"तो चार दिवस धड जेवला नाही. म्हणजे — असं ऐकलं मी."

तिला हसू आवरेना. चार दिवसांत ती पहिल्यांदाच हसली होती. कारकुनाने दोन काळी फोल्डर टेबलावर आपटली, दोघांनी एकेक उचललं आणि जिना चढून दोघं दोन दिशांना गेले.

घरी तिला सगळे पिटू म्हणत. आई सरकारी दवाखान्यात नर्स, बाबा बसचे ड्रायव्हर. बाबांची बस रोज त्याच कॉलेजवरून जायची आणि ते रोज घरी आल्यावर विचारायचे, "लागली का गं यादी?" पिटू रोज सांगायची, "अजून नाही, बाबा." पहिल्या दिवशी खोटं बोलताना जीभ अडखळली होती. चौथ्या दिवशी ती सराईत झाली होती, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं.

त्या दुपारी खोलीचं दार लावून तिने फोल्डर उघडलं. एकेक चित्र टराटरा फाडायचं, असं तिने बसमध्येच ठरवलं होतं. पण पहिलाच कागद पाहून हात थांबला.

हे तिचं नव्हतं. एक जिना होता. रेघा वाकड्यातिकड्या, सावल्या तर चक्क चुकलेल्या. आणि कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला फोटो — बाहीवर पूड नव्हती, पण चेहरा तोच. मित्र म्हणे!

मग तिच्या लक्षात आलं. दोनशे सतरा आणि दोनशे एकाहत्तर. २१७ आणि २७१! कारकुनाने अदलाबदल केली होती. म्हणजे तिचा फोटो आता त्याच्यासमोर असणार. मावसबहिणीसकट! तिने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली. नुकतीच ड्युटीवरून आली होती. "काय बघतेस एवढं?" म्हणत तिने कागद हातात घेतला आणि बघतच राहिली. "अगं, हा तर आमच्या दवाखान्याचा मागचा जिना! शेवटच्या पायरीला कठडाच नाही बघ. म्हातारी माणसं उतरताना हात असा हवेत चाचपतात... कोणी काढलंय हे? नेमकं पाहिलंय हं काढणाऱ्याने."

पिटूने पुन्हा पाहिलं. खरंच, वाकड्या रेघांच्या त्या जिन्यावर एक म्हातारी होती आणि तिचा हात कठडा संपल्यावर हवेत काहीतरी शोधत होता.

"पण हे तुझ्याकडे कसं आलं? आणि तुझी चित्रं कुठायत?"

मग काय, बांध फुटला. हुंदके देत देत तिने सगळं सांगितलं. बाबा कधी दारात येऊन उभे राहिले, कळलंही नाही.

"मला सोमवारीच कळलं होतं," ते म्हणाले. "बस थांबवून, खाली उतरून यादी बघून आलो. प्रवाशांनी एवढा आरडाओरडा केला म्हणून सांगू!"

"मग रोज का विचारत होतात?"

"तुला सांगायला सोपं जावं म्हणून गं." त्यांनी खाली मान घातली. "जमलं नाही मला नीट."

त्या दिवशी पिटू पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी तिने फोल्डरवरच्या नंबरवर फोन लावला. "वाचनालयात या," तिकडून उत्तर आलं. "मामाबरोबर फरशी बसवतोय. आलात तर दारातनंच हाक मारा, फरशी ओली आहे."

वाचनालयाची कपाटं भिंतीला सरकवलेली होती आणि तो मधोमध गुडघ्यांवर बसून एका फरशीवर कान देऊन ठकठक करत होता. तिला पाहून उठला, हात धुतले, कोरडे केले, पुन्हा एकदा कोरडे केले आणि मगच तिच्या फोल्डरला हात लावला.

"तुमच्या मावसबहिणीचा हात फार सुरेख आहे."

"आणि तुमच्या मित्राचा थरथरतो."

"माहितीये त्याला." तो हसला. मग जरा घुटमळला. "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

त्याने तिचं सगळ्यात लाडकं चित्र काढलं. तळ्याकाठचा बंगला. सहा खांब, गोल सज्जा, मागे पसरलेलं निळं पाणी... तीन आठवडे लागले होते तिला. "या बंगल्यात आत कुठून जायचं?"

तिने चित्राकडे पाहिलं. खांब पाहिले, सज्जा पाहिला, खिडक्या मोजल्या. दार नव्हतं. कुठेच नव्हतं!

"ते... मागच्या बाजूला आहे."

"मागच्या बाजूला तळं आहे," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "पाहुण्यांना पोहत यावं लागेल."

ती कानापर्यंत लाल झाली. फोल्डर त्याच्या हातातून जवळजवळ ओढलं आणि तरातरा निघाली. हा कोण लागून गेला! ज्याला एक सरळ रेघ ओढता येत नाही तो... फाटकापर्यंत पोचली. फाटक उघडलं. आणि तिथेच थांबली.

बारा चित्रं होती फोल्डरमध्ये. बाराही चित्रांत एकसुद्धा माणूस नव्हता.

ती परत आली. तो दारातच उभा होता, पकडलेल्या चोरासारखा.

"अजून काय काय दिसलं तुम्हाला?" तिने विचारलं. "सगळं सांगा. काही राखून ठेवू नका."

ठरलं ते असं : ती त्याला रेघ शिकवणार, तो तिला बघायला शिकवणार. पुढच्या वर्षी दोघांनी पुन्हा अर्ज करायचा. सोमवार ते शनिवार ती एका कचेरीत घरांच्या नकाशांच्या नकला काढायची, तो मामाबरोबर फरश्या बसवायचा. रविवार मात्र दोघांचा. एक टेप, दोन वह्या आणि सगळं गाव मोजायला मोकळं!

त्यांनी बसथांब्यावरचं बाकडं मोजलं. बसल्यावर पाय का लोंबकळतात ते तेव्हा कळलं. शाळेच्या पाणपोईचे नळ मोजले. पहिलीतल्या मुलांना ते पोचतच नव्हते. पिटू आता लोकांना थांबवून विचारायची, "आजोबा, इथे चढताना त्रास होतो का हो?" आणि आजोबा अर्धा अर्धा तास सांगत बसायचे.

रेघ शिकवणं मात्र महाकठीण.

"मनगटातून नाही हो, खांद्यातून ओढा. असं..." तिने त्याच्या कोपराला बोटं लावून हात सरकवला. रेघ सरळ आली.

"कळलं नाही. पुन्हा एकदा दाखवा."

तिने दाखवलं.

"अजून एकदा?"

"तुम्हाला पहिल्यांदाच कळलंय!"

"हो," त्याने कबूल केलं. "पण दाखवताना तुम्ही फार छान दिसता — म्हणजे, दाखवता. छान दाखवता."

ती वहीत तोंड खुपसून हसत राहिली.

दवाखान्याचा मागचा जिना त्यांनी एका पावसाळी रविवारी मोजला. पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. टेपचं एक टोक हातात धरून ती उलटी उतरत होती आणि शेवटच्या पायरीवर पाय सटकला. हात कठड्याकडे गेला, आणि कठडा तिथे नव्हताच...

"अगं, सांभाळ!"

त्याने तिचा हात घट्ट धरला होता. दोघंही धापा टाकत होते. पावसाचे थेंब त्याच्या भुवईवरून ओघळत होते.

"सॉरी," तो एकदम म्हणाला. "अहो. अहो, सांभाळा."

"अगंच बरं होतं," ती हळूच म्हणाली.

त्याने हात सोडला नाही. तिनेही सोडवला नाही.

त्या आठवड्यात तिने तो जिना काढला — मापांसकट, आणि पुढे वाढवलेल्या कठड्यासकट. आईने तो कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि रोज त्यांच्या खनपटीला बसली. दोन महिन्यांनी वेल्डरने येऊन कठडा लांबवला. पिटू तो बघायला गेली तेव्हा एक बाई बाळाला कडेवर घेऊन उतरत होती. तिने कठडा धरला, उतरली आणि निघून गेली. वळूनही पाहिलं नाही. पिटूला वाटलं, आपल्या कामाला एवढी छान दाद आजवर कोणी दिली नसेल!

बघता बघता वर्ष सरलं. पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखती. आणि पुन्हा ती यादी.

तीस नावं. तिने वरून खाली वाचली, मग खालून वर. बाविसाव्या क्रमांकावर तो होता. ती नव्हती.

"चुकलं असेल त्यांचं," तो म्हणत होता. त्याचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटत होता. "तुझं नाव नाही, असं होऊच शकत नाही."

या वेळी तिने मावसबहीण पुढे केली नाही. सरळ विभागप्रमुख बाईंच्या खोलीत गेली. "मला प्रवेश मिळाला नाही. का, ते विचारायला आलेय."

बाईंनी कागद चाळले. "चौतिसावी आहेस तू. जागा तीस." मग जरा थांबून त्यांनी आणखी एक कागद काढला. "गेल्या वर्षी कितवी होतीस, सांगू? एकशे ऐंशी."

"म्हणजे... काम चुकलं नाही माझं?"

"चुकलं नाही. चार जागा कमी पडल्या. दुसरीकडे अर्ज केलायस की नाही?"

केला होता. चार तासांवरच्या गावात एक लहानसं कॉलेज होतं, तिथली मुलाखत पुढच्या गुरुवारी होती. आत्तापर्यंत ती ते नाव तोंडातल्या तोंडात घ्यायची. आज तिने ते मोठ्याने सांगितलं.

तो बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. ती दिसताच म्हणाला, "मी नाही घेत प्रवेश. आपण दोघं मिळून पुढच्या वर्षी पुन्हा—"

"खबरदार!" ती इतक्या जोरात ओरडली की शिपाई डोकावला. "तुझी एकेक रेघ मी घासून सरळ केलीये. जागा सोडलीस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

"पण मग तू चार तासांवर, मी इथे..."

"मग?"

"मग काय! रविवारी टेपचं दुसरं टोक कोण धरणार?" तो चिडून म्हणाला आणि मग चिडच निघून गेली. "नाही... नीट सांगतो. मला तू आवडतेस. फार. वर्षभर सांगायचं राहून गेलं. माझं प्रेम आहे तुझ्यावर. तुझं... आहे का?"

तिचे डोळे भरून आले. उत्तर ओठांवर होतं. ते वाचनालयाच्या दारापासूनच होतं की काय, कोण जाणे. पण तिने मान हलवली.

"आज नको विचारूस. आज मी हरलेय. आज हो म्हटलं, तर मलाच वाटत राहील की रडत होते म्हणून आधार शोधला. गुरुवार होऊ दे."

त्याला लागलं. पण त्याने मान डोलावली.

गुरुवारी पहाटे बाबा स्वतः तिला बसथांब्यावर सोडायला आले. दुसऱ्याच्या बसमध्ये लेकीला बसवताना त्यांनी त्या ड्रायव्हरला दहा सूचना दिल्या.

मुलाखतीला तीन जण होते. मधल्या गृहस्थांनी तिथेच भरून घेतलेला फॉर्म वाचून भुवया उंचावल्या. "दोनदा नकार मिळालाय तुम्हाला. काय वाटतं त्याबद्दल?"

"पहिल्यांदा का मिळाला, ते कळायला वर्ष लागलं," पिटू म्हणाली. "मी घरं काढत होते, पण त्यात कोण राहणार याचा विचारच केला नव्हता. दुसऱ्यांदा का मिळाला, ते दहा मिनिटांत कळलं. माझ्यापेक्षा बरे तेहतीस जण होते. त्यांतल्या एकाला तर मीच शिकवलंय!"

तिघंही खळखळून हसले. मग त्यांनी तिचे कागद उलगडले आणि तास कसा गेला, कोणालाच कळलं नाही.

त्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला, हे सांगूनच टाकलेलं बरं. पण ते कळलं सोमवारी. गुरुवारी दुपारी फाटकाबाहेर आली तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. होकार नव्हता, नकारही नव्हता. आणि तरी तिला कमालीचं हलकं वाटत होतं. परतीच्या बसच्या रांगेत उभी राहून तिने फोन लावला.

"कशी झाली?" त्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"झकास. निकाल सोमवारी आहे."

"अरे वा..." तो थांबला. "म्हणजे मलाही आता सोमवारपर्यंत..."

"नाही. सोमवारचा आणि तुझा काही संबंध नाही. हे मला इथे आल्यावर कळलं." तिने श्वास घेतला. "हो."

"काय हो?"

"अरे, तू जे विचारलं होतंस, त्याला हो!"

पलीकडून वह्या धपकन खाली पडल्याचा आवाज आला. "कुठे आहेस तू?" तिने विचारलं.

"वर्गाबाहेर," तो कसाबसा म्हणाला. "पहिलाच दिवस आणि फोन घेतला म्हणून बाईंनी बाहेर काढलंय. पिटू... पुन्हा एकदा म्हण ना."

"बस आली माझी."

"एकदाच! पहिल्यांदा नीट कळलं नाही मला."

"तुला पहिल्यांदाच कळलंय," ती म्हणाली. पण बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता तिने ते पुन्हा म्हटलं, चांगलं ठणठणीत आवाजात, आणि रांगेतली सगळी माणसं वळून बघू लागली.